स्पिटफायर, हार्वर्ड की टायगर मॉथ? इंग्लंडमध्ये जुन्या लष्करी विमानात बसण्याआधी

जुन्या लष्करी विमानात पैसे भरून बसायची सोय भारतात नाही. हवाई दलाच्या, जुनी विमानं जपणाऱ्या व्हिंटेज फ्लाइटकडे टायगर मॉथ, हार्वर्ड आणि डकोटा आहेत, पण ती आकाशात उडताना पाहायची, तिकीट काढून चढायची नव्हेत. दक्षिण इंग्लंडात मात्र लंडनहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल अशी चार ठिकाणं आहेत: केंब्रिजजवळचं डक्सफर्ड, लंडनच्या आग्नेय कडेचं बिगिन हिल, केंटमधलं हेडकॉर्न आणि चिचेस्टरजवळचं गुडवुड. मुलामुलींकडे गेलेले आईवडील असोत की तिकडेच नोकरी करणारे असोत, सगळ्यांची अडचण एकच असते. जाहिरातीत चार-पाच विमानं दिसतात, दरांत दसपट फरक असतो, आणि तो फरक कशाचा हे कुठेच नीट सांगितलेलं नसतं.

पैशाचा हिशेब मांडण्याआधी एक गोष्ट ठरवा. तुम्हाला विमान चालवून बघायचंय, त्यात नुसतं बसायचंय, की ते उडताना बघायचंय? या तीन वेगळ्या हौशी आहेत आणि तिन्हींसाठी विमानं वेगळी. सगळ्यांत महाग विमान तिन्हींत पहिलं येत नाही. स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या आत बसलेल्याला स्पिटफायर दिसत नाही, हे वाचताना साधं वाटतं, पण तीन हजार पौंड भरल्यावर ते पहिल्यांदा लक्षात येणारे लोक कमी नाहीत.

| | टायगर मॉथ | हार्वर्ड | स्पिटफायर (दोन आसनी) | ड्रॅगन रॅपिड |
|---|---|---|---|---|
| इंजिन | 130 अश्वशक्ती, 4 सिलिंडर | 550 ते 600 अश्वशक्ती, 9 सिलिंडर | 27 लिटरचं मर्लिन, 12 सिलिंडर | 200 अश्वशक्तीची दोन |
| प्रवासी कुठे | पुढच्या उघड्या कॉकपिटात | मागे, सरकत्या काचेखाली | मागे, फुगीर काचेखाली | केबिनमध्ये 8 जणांपर्यंत |
| ताशी इंधन, ढोबळ | 30 लिटर | 120 लिटर | 180 लिटर | 90 लिटर |
| दर, ढोबळ | अर्ध्या तासाला 200 ते 300 पौंड | अर्ध्या तासाला 450 ते 650 पौंड | अर्ध्या तासाला 2,750 ते 3,500 पौंड | 15-20 मिनिटांना माणशी 100 ते 200 पौंड |

दर ऋतूगणिक आणि ठिकाणागणिक हलतात, पण एकमेकांशी असलेलं त्यांचं प्रमाण साधारण हेच राहतं. स्पिटफायरचा दर नुसत्या इंधनाने एवढा चढलेला नाही. मर्लिन इंजिन काही शे तास चाललं की पूर्ण खोलून बांधावं लागतं. ते काम करणारे कारागीर जगात मोजके आहेत आणि सुटे भाग पेठेत मिळत नाहीत. तुम्ही भरलेल्या पैशातला मोठा वाटा त्या पुढच्या खोलाईसाठी बाजूला पडतो. दर फार कमी दिसला तर खूश होण्याआधी हे आठवा.

टायगर मॉथ

1931 मध्ये पहिल्यांदा उडालेलं हे दुपंखी विमान ब्रिटिश हवाई दलाच्या हजारो वैमानिकांचं पहिलं विमान होतं. भारतीय हवाई दलातही तेच, आणि आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांतूनही तेच. लाकूड, पोलादी नळ्या आणि वर ताणून रंगवलेलं कापड असा सगळा मामला. रिकामं वजन 500 किलोच्या थोडं वर, म्हणजे आजच्या लहानात लहान मोटारीपेक्षाही कमी. मूळच्या बांधणीत ब्रेक नाहीत, फ्लॅप्स (उतरताना वेग कमी करणाऱ्या पंखांवरच्या झडपा) नाहीत, बॅटरी नाही, स्टार्टर नाही. शेपटीखाली बहुतेकदा चाकही नसतं, नुसती जमिनीवर घासत जाणारी पट्टी असते. म्हणून याला गवताची धावपट्टी हवी असते.

इंजिन सुरू होताना नीट बघा, कारण असा प्रकार आता फार ठिकाणी दिसत नाही. चाकांना अडण लावलेली असते. खाली उभा असलेला माणूस आधी स्विच बंद असल्याची खात्री तुमच्या मागे बसलेल्या वैमानिकाकडून मोठ्याने करून घेतो. मग तो नाकावरचा पंखा (प्रोपेलर) हाताने चार वेळा फिरवतो, तेवढ्यात सिलिंडरांत पेट्रोल ओढलं जातं. त्यानंतर 'कॉन्टॅक्ट' अशी हाक जाते, वैमानिक तीच हाक परत देऊन स्विच चालू करतो, आणि खालचा माणूस पंख्याचं पातं झटक्यात खाली ओढून त्याच हिसक्यात मागे सरतो. इंजिन गरम असेल तर जास्त पेट्रोल जाऊन ते सुरू व्हायला नकार देतं. मग स्विच बंद करून, थ्रॉटल उघडून, पंखा उलटा फिरवून ते जास्तीचं पेट्रोल बाहेर काढावं लागतं. दुपारच्या तिसऱ्या-चौथ्या फेरीला हे हमखास होतं. यात पाच-दहा मिनिटं गेली म्हणून विमान बिघडलंय असं समजू नका.

बसायची जागा पुढची. वैमानिक मागे असतो, कारण एकटा उडताना विमानाचा तोल मागच्या जागेवरूनच राहतो. तुमच्या डोक्यावर वरचा पंख आणि त्यात मधोमध पेट्रोलची टाकी. खालचा पंख तुमच्या दोन्ही बाजूंना येतो, त्यामुळे सरळ खाली बघायचं तर मान बाहेर काढून पंखाच्या कडेवरून बघावं लागतं. तारा, खांब आणि मधून दिसणारी हिरवी शेतं, असा देखावा. तशी ताशी 130 किलोमीटरच्या आसपासच जातं, पण तोंडावर वारा घेत 130 म्हणजे थोडं नव्हे. मे महिन्यातही वर कडाक्याची थंडी वाजते.

विमान चालवून बघायची ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी आमचं पहिलं मत टायगर मॉथला. अनेक ठिकाणी ही फेरी 'ट्रायल लेसन' म्हणून दिली जाते, म्हणजे विमान चालवायचा दांडा तुमच्या हातात देणं हाच तिचा हेतू असतो. आणि हे विमान शिकवतंही खडसावून. विमान झुकवणाऱ्या झडपा, म्हणजे एलेरॉन, फक्त खालच्या पंखाला आहेत, त्यांचा परिणाम सावकाश होतो. दांडा डावीकडे नेला की पंख झुकायला लागतो, पण नाक क्षणभर उजवीकडे जातं. पायाने रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, डावीकडे दिलं नाही, तर विमान आडवं घसरतं आणि वारा गालावर एका बाजूने लागायला लागतो. तो वारा म्हणजे तुमची चूक सांगणारं उपकरण. नव्या विमानांनी ही खोड इतकी लपवून टाकली आहे की नव्या वैमानिकांना पाय कशाला असतात ते उशिरा कळतं. पंधरा मिनिटांत वारा दोन्ही गालांवर सारखा लागेल असं वळण घेता आलं, तर तुमचे पैसे वसूल.

अडचण वाऱ्याची. एवढ्या हलक्या, ब्रेक नसलेल्या विमानाला आडवा वारा सोसत नाही. स्पिटफायर उडतंय आणि टायगर मॉथ दोरांनी बांधून ठेवलंय असा दिवस येतो, आणि ज्यांनी स्वस्त आणि सोपं म्हणून टायगर मॉथ निवडलं त्यांना तो अन्याय वाटतो. तो अन्याय नाही. 130 अश्वशक्तीत गवतावरून दोन माणसं उचलायची, म्हणून तुमचं वजनही इथे काटेकोर बघतात. बहुतेक ठिकाणी मर्यादा शंभर किलोच्या आसपास असते, आणि ती कपड्यांसकट.

हार्वर्ड

1940 च्या दशकातला विद्यार्थी टायगर मॉथवरून उतरला की हार्वर्डमध्ये चढायचा आणि तिथून लढाऊ विमानात जायचा. भारतीय हवाई दलातही पुढे अनेक वर्षं हीच पायरी होती. त्यामुळे ही तीन विमानं म्हणजे एकाच जिन्याच्या तीन पायऱ्या आहेत, आणि मधली पायरी लोक उगाच ओलांडतात.

हार्वर्ड पूर्ण धातूचं, आत ओढली जाणारी चाकं असलेलं, अडीच टनांच्या घरातलं विमान आहे. इंजिन प्रॅट अँड व्हिटनीचं, नऊ सिलिंडर गोलाकार मांडलेले. असं इंजिन उभं राहिलं की तळाच्या सिलिंडरांत तेल झिरपून साचतं. ते तसंच ठेवून स्टार्टर मारला तर पिस्टनला दाबायला हवेऐवजी तेल मिळतं, तेल दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून सुरू करण्याआधी दोन माणसं पंखा हाताने काही पाती फिरवताना दिसतील. सुरू झाल्यावर निळसर पांढऱ्या धुराचा लोट निघतो. तो उरलेल्या तेलाचा असतो आणि अर्ध्या मिनिटात विरतो.

हार्वर्डचा आवाज ऐकला की गावभर कळतं. पंखा इंजिनला थेट जोडलेला आहे, मध्ये गिअर नाही. पूर्ण जोरात मिनिटाला सव्वादोन हजार फेरे पडतात आणि पंख्याचा व्यास पावणेतीन मीटर, त्यामुळे पात्यांची टोकं आवाजाच्या वेगाजवळ पोचतात. तो फाडत जाणारा आवाज इंजिनाचा नसून त्या टोकांचा असतो. आतल्या माणसाला तो तितका लागत नाही, कारण तो बाजूला फेकला जातो. जमिनीवर उभ्या असलेल्या घरच्या मंडळींना मात्र कानांवर हात ठेवायला सांगा.

आतली जागा ऐसपैस. मागच्या आसनावर उंच माणूसही गुडघे न आखडता बसतो, काच उडतानाही सरकवून थोडी उघडता येते, आणि दांडा, रडर, थ्रॉटल सगळं तुमच्यासमोर दुहेरी असतं. कलाबाजी हवी असेल तर याच विमानात घ्या. लूप (हवेत उभं वर्तुळ) आणि रोल (कुशीवरून पूर्ण गिरकी) ते वजनदारपणे, गोलाईने करतं. लूपच्या तळाशी साडेतीन जी (गुरुत्वाकर्षणाच्या साडेतीन पट जोर) सहज लागतात, म्हणजे 70 किलोचा माणूस आसनावर सुमारे 245 किलोने दाबला जातो. पहिल्यांदाच बसत असाल तर एक लूप, एक रोल आणि मग सरळ उडणं, एवढं पुरे. सलग सहा प्रकार मागणारे लोक चौथ्यानंतर डोळे मिटून बसतात, आणि मग पैसे अंधारासाठी दिल्यासारखे होतात.

एक खोड माहीत असावी. हार्वर्डच्या कॉकपिटला पूर्ण तळ नाही, पायांसाठी दोन पन्हळी आहेत. त्यांच्या मधून किंवा बाजूने पडलेली वस्तू थेट विमानाच्या पोटात जाते, तिथूनच नियंत्रणाच्या तारा आणि दांडे जातात. पडलेला मोबाइल, नाणं किंवा पेन तिथे अडकलं तर दांडा हलेनासा होऊ शकतो. म्हणून चढण्याआधी खिसे रिकामे करायला लावतात, आणि वस्तू पडली असं सांगितलं की वैमानिक फेरी तिथेच थांबवून उतरतो. काही पडलं तर संकोच न करता ताबडतोब सांगा. नंतर सांगू म्हणून गप्प बसणं इथे धोक्याचं आहे.

'आम्हाला जुन्या विमानाची ताकद अनुभवायची आहे' असं सांगणाऱ्या बहुतेकांना आम्ही हार्वर्डच सुचवू. स्पिटफायरच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याच्या पैशात ताकद, कलाबाजी आणि हातात दांडा या तिन्ही गोष्टी मिळतात.

स्पिटफायर

दोन आसनी स्पिटफायर ही आजकाल पर्यटकांसाठी काढलेली टूम आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. युद्धानंतर मूळ कारखान्यानेच एक आसनी विमानांना दुसरं कॉकपिट बसवून प्रशिक्षणासाठी विकली. 1948 मध्ये भारतीय हवाई दलासाठी मार्क 9 प्रकारची अशी 10 विमानं बदलून देण्यात आली, नेदरलँड्सला 3, इजिप्तला 1 आणि थोड्या वर्षांनी आयर्लंडला 6 गेली. आज प्रवासी नेणारी काही विमानं मूळची त्यांतली आहेत, काही अलीकडे त्याच आराखड्यावर बदललेली. दुसरी जागा करण्यासाठी पुढचं कॉकपिट सुमारे एक फूट पुढे सरकवावं लागलं. त्यामुळे वैमानिकापुढची मोठी पेट्रोलची टाकी लहान झाली, आणि कमी पडलेलं पेट्रोल पंखांत गेलं. ऐतिहासिक खरेपणाबद्दल आग्रही असाल, तर नोंदणीच्या वेळी विमानाचा क्रमांक विचारा आणि त्याचा इतिहास आधी वाचून जा. त्या विमानाने युद्धात काय केलं हे माहीत असणं आणि नसणं, यात बसण्याचा अनुभव खरोखरच बदलतो.

जागा अरुंद. खांदे दोन्ही बाजूंच्या पत्र्याला लागतात, खाली आसनाच्या जागी पॅराशूटच असतो आणि त्यावर तुम्ही. उंचीची मर्यादा बहुतेक ठिकाणी सहा फूट चार इंचांच्या आसपास आणि वजनाची 105-110 किलोच्या आसपास असते. पण आकड्यात बसणारा, रुंद खांद्यांचा माणूसही अडतो, म्हणून शंका असेल तर आदल्या दिवशी जाऊन बसून बघायची परवानगी मागा. अनेक ठिकाणी देतात.

इंजिन सुरू झालं की घड्याळ धावायला लागतं. मर्लिनला पाणी-ग्लायकॉलने थंड करणारे रेडिएटर पंखांखाली आहेत. जमिनीवर त्यांना वारा मिळत नाही आणि तापमानाचा काटा सरळ चढत जातो. त्यामुळे स्पिटफायर धावपट्टीच्या तोंडाशी रांगेत उभं राहू शकत नाही. दुसरं विमान उतरायला वेळ लागला तर इंजिन बंद करून थंड होऊ द्यावं लागतं. लांब नाकामुळे वैमानिकाला समोरचं काहीच दिसत नाही, म्हणून तो डावी-उजवीकडे वळत वळत विमान नेतो. ही वळणं बघून घाबरू नका.

वर गेल्यावर मागच्या जागेवरून समोर वैमानिकाचं डोकं आणि बाजूला पंख दिसतो. तो लंबवर्तुळाकार पंख केंटच्या शेतांवर झुकलेला बघणं, यासाठी लोक येतात, आणि ते आहेही तसंच. काही मिनिटं दांडा हातात देतात. त्याच्या टोकाला फावड्याच्या मुठीसारखं कडं असतं, आणि दांडा मध्येच सांध्यावर वाकून डावी-उजवीकडे झुकतो, बुंध्यातून नाही. नाक वर-खाली करायला दोन बोटं पुरतात, इतका तो हलका. डावी-उजवीकडे मात्र वेग वाढेल तसा जड होत जातो. नवखा माणूस दोन्हीला सारखाच जोर लावतो आणि विमान डॉल्फिनसारखं वर-खाली होतं. मूठ घट्ट धरू नका, हात मांडीवर टेकवा.

शेवटी बहुतेक वैमानिक एक रोल करतात. ढगांचा तळ पुरेसा उंच असेल तरच. ढग खाली असतील तर फेरी होते पण रोल होत नाही, आणि त्याबद्दल पैसे परत मिळत नाहीत. हे आधी वाचून ठेवा.

मग हे कोणी घ्यावं? ज्याला स्पिटफायरच हवं आहे त्याने. ज्याच्या आजोबांनी बर्मा आघाडीवर भारतीय स्क्वाड्रनात त्यावर काम केलं, ज्याने लहानपणापासून त्याचं मॉडेल बनवलं, त्याला दुसरं विमान देऊन भागत नाही आणि भागवूही नये. आयुष्यात एकदाच खर्च करायचा तर मन मारून हार्वर्ड घेण्यापेक्षा दोन वर्षं थांबून स्पिटफायर घ्या. पण कारण नुसतं 'काहीतरी भारी करायचंय' असेल, तर साडेतीन लाखांच्या घरातली ही रक्कम अर्ध्या तासाला फार आहे. शिवाय तो अर्धा तास कुठून कुठे मोजतात हे विचारा. इंजिन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत, की चाकं सुटल्यापासून टेकेपर्यंत? या दोन हिशेबांत आठ-दहा मिनिटांचा फरक पडतो.

बघायचं असेल तर

हेलिकॉप्टरमध्ये किंवा लहान आधुनिक विमानात तुम्हाला बसवून शेजारी स्पिटफायर आणून उडवतात, अशीही फेरी मिळते. काही शे पौंडांत. छायाचित्रं काढणाऱ्यांसाठी यापेक्षा चांगलं काही नाही: शेजारी विमान, खाली समुद्रकिनारा, पंखावर ऊन. दोघांपैकी एकजण स्पिटफायरमध्ये आणि दुसरा शेजारच्या विमानात, असं जुळवता आलं तर दोघांचीही हौस भागते आणि आतल्याला स्वतःचे फोटो मिळतात.

कुटुंबासाठी ड्रॅगन रॅपिड. 1934 चं दोन इंजिनांचं दुपंखी प्रवासी विमान. त्याचंच डॉमिनी नावाचं लष्करी रूप हवाई दलाने रेडिओ आणि दिशाज्ञानाच्या शिक्षणासाठी वापरलं. प्रत्येकाला खिडकी, कलाबाजी नाही, आजीआजोबांनाही झेपतं. फक्त दारातून वर चढताना केबिनचा उतार लक्षात घ्या, कारण शेपूट जमिनीवर असल्याने आसनापर्यंत चढाव चढून जावं लागतं आणि गुडघे दुखणाऱ्यांना आधार लागतो.

चिपमंक हा टायगर मॉथनंतरचा धातूचा शिकाऊ विमानप्रकार कुठे मिळाला तर तोही विचारात घ्या. बंद काच, ब्रेक, छान हलकी नियंत्रणं आणि दर टायगर मॉथच्या जवळपास. थंडी सोसत नाही पण चालवून बघायचंय अशांसाठी उत्तम.

कागदपत्रांत काय वाचायचं

इथे घाई करू नका. विमानाचा परवाना दोन प्रकारचा असू शकतो. काही टायगर मॉथ आणि रॅपिड नेहमीच्या उड्डाणयोग्यता प्रमाणपत्रावर उडतात. स्पिटफायर मात्र 'परमिट टू फ्लाय'वर असतं, म्हणजे ते आजच्या प्रवासी विमानाच्या मानकांना उतरलेलं नाही. अशा विमानात पैसे घेऊन माणसं नेता यावीत म्हणून ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने एसएसएसी (सुरक्षेचा दर्जा समजून घेऊन संमती देण्याची) ही पद्धत लावली. चालकाने आपली देखभाल, वैमानिक आणि कार्यपद्धती प्राधिकरणासमोर मांडायची, आणि प्रवाशाला धोका स्पष्ट सांगून त्याची सही घ्यायची. ती सही म्हणजे औपचारिकता नव्हे. हे विमान तुम्ही पुण्याहून दिल्लीला जाता त्या विमानाइतकं सुरक्षित नाही, हे तुम्ही समजून मान्य करता.

हे किती खरं आहे ते दोन अपघातांनी दाखवलं. 4 ऑगस्ट 2018 ला स्वित्झर्लंडमध्ये जुनं युंकर्स 52 पर्यटक घेऊन डोंगरात कोसळलं आणि आतले सगळे 20 जण गेले. चौकशीत दिसलं की अरुंद दरीत, परत वळायला जागा उरणार नाही अशा उंचीवरून उडण्याची चूक झाली होती. 2 ऑक्टोबर 2019 ला अमेरिकेत कनेटिकटमध्ये बी-17 बॉम्बर कोसळून 7 जण गेले. इंजिनला ठिणगी पुरवणाऱ्या मॅग्नेटोंची देखभाल नीट नव्हती आणि सुरक्षेची व्यवस्था कागदावर होती, असं चौकशीत आढळलं. दोन्ही ठिकाणी विमानाचं वय हे मूळ कारण नव्हतं, माणसांची शिस्त होती. म्हणून चालकाला विचारा: वैमानिकाचे याच प्रकारच्या विमानावरचे तास किती, देखभाल कोण करतं, आणि वाईट हवेत 'आज नाही' म्हणण्याचा अधिकार कोणाचा. तिसऱ्या प्रश्नाला 'फक्त वैमानिकाचा' असं सरळ उत्तर आलं की पुढे जा.

विम्याचं आधी बघा. अनेक प्रवास विमा पॉलिसी फक्त नियमित प्रवासी विमानातल्या अपघातालाच संरक्षण देतात, आणि जीवन विम्यातही असं कलम असू शकतं. पॉलिसीचं कलम वाचून, लागलं तर कंपनीकडून लेखी उत्तर घेऊन मगच तारीख ठरवा.

तारीख आणि हवा

हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. भारतातून जाणाऱ्यांनी एक चूक कटाक्षाने टाळावी: परतीच्या आदल्या दिवशीची तारीख घेणं. हवेमुळे, वाऱ्यामुळे किंवा विमानातल्या बिघाडामुळे फेरी पुढे ढकलली जाते आणि पैशांऐवजी नवी तारीख मिळते. व्हाउचरची मुदत बहुधा एक वर्ष. वर्षभरात पुन्हा इंग्लंडला येणं होणार नसेल तर ते व्हाउचर कागदाचा तुकडा. म्हणून मुक्कामाच्या पहिल्या आठवड्यातली तारीख घ्या आणि नंतरचे किमान दोन दिवस मोकळे ठेवा.

वेळ सकाळची की दुपारची? सकाळी वारा कमी असतो पण ढग खाली असतात आणि धुकं उठायला दहा-अकरा वाजतात. दुपारी ढग वर जातात पण तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेने धक्के बसतात. पोट नाजूक असेल तर सकाळची उशिराची वेळ, रोल हवा असेल तर दुपारची.

डक्सफर्डला जायला लिव्हरपूल स्ट्रीटहून व्हिटल्सफर्ड पार्कवेची गाडी, मग टॅक्सी. तिथे युद्ध संग्रहालयही आहे, आणि 4 ऑगस्ट 1938 ला पहिलं स्पिटफायर स्क्वाड्रनमध्ये दाखल झालं ते याच मैदानावर. फेरी रद्द झाली तरी दिवस वाया जात नाही, हा डक्सफर्डचा मोठा फायदा. हेडकॉर्नला गाडी जवळ आणि गवताचं मैदान. गुडवुडला चिचेस्टरपर्यंत गाडी आहे.

शरीर, कपडे, पोट

उपाशी पोटी जाऊ नका. दोन तास आधी पोहे किंवा टोस्ट, एवढं. रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते, तेलकट खाऊन तर होतेच. उलटीवरची गोळी घ्यायची सवय असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, पण बऱ्याच गोळ्यांनी झोप येते आणि अर्धा तास झोपेत जातो. आल्याची वडी खिशात नको, तोंडात ठेवूनच चढा. वर नजर पंखावर न ठेवता क्षितिजावर ठेवा. कॅमेऱ्याच्या पडद्यात बघत राहणारे सर्वांत आधी पिशवी मागतात.

साडी, ओढणी, मफलर, लांब मंगळसूत्र, बांगड्या: टायगर मॉथच्या वाऱ्यात आणि कॉकपिटच्या तरफांत सगळंच अडकतं, म्हणून दागिने घरी ठेवा. सुती पँट, आत थर, लेस असलेले सपाट बूट. बरेच चालक वरून उड्डाणाचा अंगरखा देतात. चष्म्याला मागून दोरी लावा. पाठीचं किंवा मानेचं दुखणं, अलीकडची शस्त्रक्रिया, हृदयविकार, गर्भारपण असेल तर नोंदणीच्या वेळीच सांगा. समुद्रात स्कुबा केलं असेल तर मध्ये पूर्ण दिवस जाऊ द्या.

पॅराशूट असलेल्या विमानात उतरण्याचा सराव जमिनीवर करून घेतात. त्यात एका जागी नवख्यांची गल्लत होते: आसनाचा पट्टा आणि पॅराशूटचा पट्टा दोन्ही छातीशी येतात आणि दोन्हींच्या कड्या जवळजवळ असतात. आणीबाणीत आसनाचा सोडायचा, पॅराशूटचा नाही. सराव करणाऱ्याला सांगून डोळे मिटून तीनदा योग्य कडीवर हात नेऊन बघा. फेरी संपल्यावर याच्या उलट: उतरताना आधी पॅराशूट सोडून आसनातच ठेवतात, तोवर पंखा पूर्ण थांबलेला असतो. पंखावर पाय ठेवायची जागा काळ्या खरखरीत पट्टीने आखलेली असते. तिच्या बाहेर पाय पडला तर टायगर मॉथचं कापड फाटतं. जमिनीवर आलात की नाकाच्या दिशेने न जाता पंखाच्या मागून, शेपटीकडून बाहेर पडा.